साहेबरावचं कॅरिअर

पिंपळे गुरव,
८ जानेवारी १९७९

चांदभाई,

तुमाला रामराम, रोशनबी वैनींना रामराम. पत्र कस्तुराच्या हातनं लिहून घेतोय. माझा चष्मा फुटलाय, आन् चष्मा असला तरी माझं अक्षर मलाच लागत न्हाई. पोरगी मॅट्रिक हाय. मी बोलीन तसंच लिही म्हणून तिला बजावलंय.

काम असं, की सोनबामामानं कस्तुरासाठी चाकणच्या अंगाचं स्थळ आणलंय. पोराचं नाव साहेबराव. बाप न्हाई, आई हाय, दोन एकर कांद्याचं वावर हाय, आन् पोराकडं सोताची गाडी हाय. गाडी म्हणल्यावर मी जरा सावरून बसलो. आमच्या कंपनीत गाडी फकस्त मोठ्या साहेबांकडं.

पगार किती ते इचारायला मी सोनबाला लावणारच व्हतो. पण आमच्या पर्सोनेलच्या साहेबांच्या लेकीचं जमलं, तवा त्यांनी गेटवर गाडी थांबवून सोता मला सांगितलं, "यशवंत, मुलाचं कॅरिअर उत्तम आहे." पगाराचं नाव काढलं न्हाई. सुधारलेली माणसं पगार इचारत न्हाईत, कॅरिअर इचारतात, हे मला तवा उमगलं. मग आमीच का मागं ऱ्हायचं? सोळा वर्सं पर्मनंट हाय मी.

तुमचं वेल्डिंगचं दुकान चाकणच्या चौकात. येणारंजाणारं सगळं तुमच्या डोळ्यांखालनं जातं. तवा गुपचूप चौकशी करून कळवा, की पोराचं कॅरिअर कसं हाय? कुणाच्या हाताखाली हाय? मजबूत हाय का? पुढं वाढंल का? आन् भार पडला की मधीच दगा तर द्यायचं न्हाई?

आपण दोघं एकाच दिवशी कंपनीत लागलो. तुमी मेंटेनन्सला, मी गेटवर. तुमी राजीनामा दिलात तवा मी तुमाला येडं म्हणलो व्हतो. ते आता मनात धरू नका, एकुलती एक लेक हाय माझी.

आपला,
यशवंतराव

ता. क. चांदचाचा, कस्तुराचा नमस्कार. खरं असेल तेच लिहा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

⁂

चाकण,
१३ जानेवारी

यशवंतराव, सलाम आणि रामराम.

अहो, चौकशी कुठं करायला जाऊ? साहेबरावचं कॅरिअर मीच बनवतोय! आठ दिवस झाले, त्याची पिकअप माझ्या दारात उभी आहे. गाडी मिलिटरीतली, लिलावात घेतलेली. तब्येतीनं धडधाकट. फक्त मागचा माल भरायचा हौदा लहान. कांद्याची पोती भरली की रिकाम्या पाट्या, बांबू, ताडपत्री ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून टपाच्या वर कॅरिअर करायचं ठरलं.

मुलीचा बाप कॅरिअरची चौकशी का करतो, हे मी लगेच ओळखलं. रुखवताचं कपाट, पितळी हंडे, पाळणा, सगळं त्याच्यावर लादूनच सासरी जाणार! पहिल्यापासून धोरणी माणूस तुम्ही.

तर आता तुमच्या सवालांचे जवाब. सध्या माझ्याच हाताखाली आहे. मजबुतीचं म्हणाल तर दीड इंची अँगलचे चार उभे खांब, वर इंची पाइपाची चौकट, मध्ये दोन सूत जाडीच्या लोखंडी पट्ट्या. आधी एकदा दुसरीकडं जोडून घेतलं होतं, ते महिन्याभरात सुटलं. मी ते सगळं मोडून नव्यानं धरलंय. पुढं मात्र वाढणार नाही, आधीच सांगतो. काचेच्या पुढं गेलं की पोलीस धरतात.

पोरगा मोठा चौकस. दोरी घेऊन स्वतः मापं काढतो, विटकरीच्या तुकड्यानं फरशीवर नकाशा काढतो, पुसतो, परत काढतो. दुकानाची फरशी रांगोळी घातल्यासारखी झालीय. मी म्हटलं, बाबा रे, ताजमहाल बांधायचाय का? तर म्हणतो, "चाचा, वरचं खाली पडलं तर मागून येणाऱ्याच्या डोक्यात पडंल." मला हे बोलणं आवडलं.

उंची किती ठेवायची आणि रंग कोणता द्यायचा, ते तुम्हीच कळवा. माल तुमचा चढणार आहे.

तुमचा,
चांद

⁂

पिंपळे गुरव,
१९ जानेवारी

चांदभाई, रामराम.

कस्तुरानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. वाचताना पोरगी सारखी अडखळत व्हती. तुमचं अक्षर जरा सुधारा.

पोराचं कॅरिअर तुमच्या हाताखाली घडतंय हे ऐकून मी निम्मा निर्धास्त झालो. त्यात मिलिटरी म्हणल्यावर इचारायलाच नको. आधी एका ठिकाणी जोडलेलं सुटलं, ते असू द्या, जवान पोरांचं व्हतंच तसं. पर पुढं वाढणार न्हाई, वाढलं की पोलीस धरतात, हे काय? आमच्या आळीतला एकजण असाच भराभरा पुढं गेला आन् शेवटी पोलिसांनी धरला. तसलं नको. कॅरिअर पुढं न्हाई वाढलं तरी चालंल, पण उंच पाहिजे. उंचीला तडजोड न्हाई. चारचौघांनी मान वर करून बघावं. आमचं घराणं गावात पाटलांच्या खालोखाल हाय. साठ एकर वावर व्हतं, आता त्याच्यावर कंपनी हाय. सोनबानं मागं एक पर्मनंट पोरगा आणला व्हता, त्याच्यापेक्षा तरी उंच पाहिजेच.

रंगाचं म्हणाल, तर सावळा चालंल. आमची कस्तुरासुदीक काय गोरी न्हाई.

आपला,
यशवंतराव

⁂

चाकण,
२७ जानेवारी

यशवंतराव, सलाम.

तुमच्यापुढं हात टेकले राव! मी आणि साहेबरावनं टपापासून चार बोटं उंची ठरवली होती. कॅरिअर जितकं खाली, तितकी गाडी शहाणी. उंच केलं की वारा भरतो, नाशिक फाट्याच्या वळणावर गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते. पण तुम्ही लिहिलंत, उंचीला तडजोड नाही. साहेबरावाला सांगितलं, तर बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "सासरेबुवांचं कपाट उभंच न्यायचं असंल." मग खांब कापले, नवे लावले. आता टपाच्या वर पुरता दीड हात आहे. चाकणच्या चौकातली माणसं मान वर करून बघतात, ही तुमची इच्छा पुरी झाली.

सावळा रंग बाजारात मिळत नाही. दुकानदार माझ्याकडं टकमका बघायला लागला. शेवटी काळ्यात राखाडी मिसळून केला. खाली रेड ऑक्साइडचे दोन हात दिलेत, गंजणार नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आधीचं कॅरिअर सुटलं का? तर त्या कारागिरानं कॅबिन आणि हौदा दोन्हींना ते कडक वेल्ड मारून जखडलं होतं. अहो, कॅबिन वेगळी आणि हौदा वेगळा. बसलेत एकाच चॅसीच्या सांगाड्यावर, पण खड्डा आला की हा इकडं डुलतो, ती तिकडं. दोघांना एका गजानं आवळलं की वेल्ड फुटणार म्हणजे फुटणार. म्हणून मी चारही खांब फक्त हौद्यावर उभे केले. पुढची बाजू कॅबिनवर नुसती टेकते, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर. तिथं मुद्दाम ढिलं ठेवलंय. कुणी नाव ठेवलं तर माझ्याकडं पाठवा.

काल मी आणि रोशनबीचा भाऊ युनूस, दोघं वर चढून नाचलो. रोशनबी म्हणाली, या वयात माकडचाळे शोभतात का? पण कॅरिअर जागचं हललं नाही. चार मण आरामात पेलेल. वरची ताडपत्रीही त्यानं आणून दिलीय, कडांना दुहेरी टीप, एकेक कडी हातानं शिवलेली. असा टाका मी चाकणात बघितला नाही. कुठून आणली विचारलं, तर पोरगा लाजला.

तुमचा,
चांद

⁂

पिंपळे गुरव,
१२ फेब्रुवारी

चांदभाई, रामराम.

सुपारी फोडायची ठरली! येत्या पंचवीस तारखेला, रविवारी. तुमी आन् वैनी दोघांनी यायचंच.

पोरगा येऊन पोरगी बघून गेला. एस.टी.नं आला. गाडी कुठाय इचारलं, तर म्हणाला, "चांदचाचांकडं हाय, कॅरिअर बसवतायत." मी म्हणलो, बसू द्या निवांत, घाई न्हाई. खाली मान घालून दोन बशा पोहे खाल्ले, शब्द बोलला न्हाई. मोठ्या हुद्द्याची माणसं कमीच बोलतात. आमच्या पर्सोनेलच्या साहेबांचंबी तसंच.

त्या साहेबांना मी गेटवरच सांगितलं, "साहेब, आमच्या जावयाचं कॅरिअर चार मणाचं हाय. चांदभाई आन् त्याचा मेव्हणा वर चढून नाचले, तरी हललं न्हाई." साहेबांनी गाडीचं इंजिनच बंद केलं. मग म्हणाले, "मला हा मुलगा पाहायलाच हवा." ते सोता येणार हायत! सोळा वर्सांत ते कधी माझ्या दारात आले न्हाईत. दारात मी कमान उभी करतोय. दोन्ही बाजूंना केळी, वर लाल कापडावर कापसाची अक्षरं, "सुस्वागतम्".

फकस्त ते ढिलं ठेवलंय म्हणता, ते काय मनाला पटलं न्हाई. माणसानं सगळीकडं घट्ट ऱ्हावं. पर तुमी जाणते हाय.

आपला,
यशवंतराव

ता. क. चाचा, चार बोटांचं होतं तेच बरं होतं. आता खांब कापता येतील का? घाईत लिहिते, आबा शेजारीच बसलेत. कस्तुरा.

⁂

पिंपळे गुरव,
२७ फेब्रुवारी

चांदभाई,

रामराम लिहायचा न्हाई, असं मी कस्तुराला सांगितलंय.

तुमी रविवारी आला न्हाईत. वैनींना ताप आला म्हणे. नशीबवान हायत वैनी. काय झालं ते ऐका. साडेदहाला मी कमानीखाली फेटा बांधून उभा. बाजूला पर्सोनेलचे साहेब, हातात चहाची कपबशी. तेवढ्यात धुरळा उडवीत ती तुमची पिकअप आली. तिच्या डोक्यावर ते सावळ्या रंगाचं मचाण, त्याच्यावर फळांच्या पाट्या, साखरेचे पुडे आन् दोन मामा बसलेले! मी हात हलवला, थांबा थांबा. पोराला वाटलं, या या म्हणतोय. मचाण कमानीत अडकलं. कमान खाली आली, केळी आल्या, "सुस्वागतम्" साहेबांच्या डोक्यावर आन् चहा त्यांच्या सफारीवर. मामा तेवढे वरच ऱ्हायले. मचाणाला वरखडासुदीक न्हाई.

साहेब कापडाखालनं ओरडले, "हे काय आहे?" तर तो पोरगा हात जोडून म्हणतो, "साहेब, माझं कॅरिअर हाय."

सगळा गाव हसला. साहेबबी हसले. मंग त्यांनी चारचौघांत मला समजावून सांगितलं, की कॅरिअर म्हंजे काय. इंग्रजी स्पेलिंगं दोन, अर्थ दोन. शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

तुमी माझी फसगत केलीत. (हे वाक्य आबांनी तीनदा सांगितलं. एकदाच लिहिते. क.) सुपारी मी परत केली. अकरा तारखेच्या रविवारी तो पर्मनंट पोरगा कस्तुराला बघायला येतोय. कॅन्टीन हाय, बोनस हाय, प्रॉव्हिडंट फंड हाय. तुमचा आमचा संबंध संपला. (हेही जसंच्या तसं लिहिलंय. क.)

यशवंतराव

⁂

पिंपळे गुरव,
२७ फेब्रुवारी, दुपार

चांदचाचा,

आबांचं पत्र टाकायला म्हणून पोस्टात आले आणि हे इथंच उभ्यानं लिहितेय.

फसगत तुम्ही नाही केलीत, मी केली. कॅरिअर आणि करिअर यांतला फरक मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. शाळेत बाई शिकवायच्या. तुमचं पहिलं पत्र उघडलं, टपाचं नि हौद्याचं वाचलं आणि तिथंच अडकले. आबा म्हणाले, "वाच की!" मग मी "मजबूत" वाचलं, "मिलिटरी" वाचलं, "हाताखाली आहे" वाचलं. अँगल, पाइप, हौदा, कपाट, सगळं गाळलं. पोलिसांचं मात्र चुकून तोंडातून गेलं. उंचीचं आबांनी सांगितलं तेव्हा मला कळत होतं, की हे भलतंच होतंय. तरी लिहिलं. मागनं खांब कापायचं कळवलं, तोवर फार उशीर झाला होता. एकदा खरं गिळलं की थांबायचं कुठं ते कळत नाही हो.

ती ताडपत्री मी शिवलीय. साहेबराव सांगवीला तानुमावशीकडं कांदे टाकायला यायचे, तेव्हा मी तिथं शिलाई मशीनवर बसलेली असायची. एकदा म्हणाले, कड्या शिवून द्याल का? मी दिल्या. तेवढंच. पण न्यायला आले तेव्हा त्यांनी एकेक टाका बोट फिरवून बघितला आणि म्हणाले, "ही ताडपत्री माझ्याआधी मरायची न्हाई." माझ्या हातच्या कामाला घरात कुणी कधी असं बघितलं नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांनी सोनबामामांनी हेच स्थळ आणलं. मला वाटलं, देवानंच धाडलं. म्हणून गप्प बसले.

आबांना पर्मनंट का हवा ते मला कळतं. आमच्या वावराच्या बांधावर आज कंपनीचं गेट आहे. त्याच बांधावर ते खाकी घालून उभे राहतात आणि येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकतात. त्यांना वाटतं, पर्मनंट असल्यामुळंच आपण उभे तरी आहोत. मी त्यांना हसत नाही चाचा. पण मला सलाम ठोकणारा नवरा नको.

आबांना मीच खरं सांगायला हवं. रोज ठरवते आणि रोज भाकरी थापत बसते. तुम्ही एक करा. माफी मागू नका, मागितलीत तर ते आणखी फुगतील. त्यांना पत्र लिहा, आणि त्यात अशी एक जागा ठेवा की वाचताना मला थांबावंच लागेल.

अकरा तारखेच्या आत लिहा.

तुमची,
कस्तुरा

⁂

चाकण,
४ मार्च

यशवंतराव, सलाम. तुम्ही रामराम तोडलात, मी तोडत नाही.

हे पत्र कस्तुरा वाचून दाखवणार. पोरी, यावेळी एक ओळही गाळायची नाही. टप लिहिलंय तिथं टप वाच, हौदा लिहिलाय तिथं हौदा.

यशवंतराव, मला कॅरिअर एकच माहीत आहे, लोखंडाचं. माझ्या पाटीवर लिहिलंय, "ग्रिल, शटर, कॅरिअर बनवून मिळेल." तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्हाला दुसरं एक माहीत होतं, तेही साहेबांच्या तोंडून उडत ऐकलेलं. दोघांनाही अर्थ विचारायची लाज वाटली. मी म्हटलं, मुलीचा बाप आहे, उगाच खोदून कशाला विचारा. तुम्ही मनात म्हणालात, सोळा वर्षं पर्मनंट माणसानं वेल्डरला अर्थ कसा विचारायचा. झालं, दोन शहाणे आणि एक कमान.

मचाणाला वरखडा नाही आला, एवढं मात्र तुम्ही पत्रात लिहिलंत. शत्रूच्या कामाची अशी तारीफ कोण करतो? शुक्रिया.

काल साहेबराव दुकानात आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "चाचा, दीड हात कापून टाका, चार बोटं ठेवा." मी कापलं. रागानं बोलला असेल म्हणून मी म्हटलं, सासऱ्याचा हट्ट एकदाचा निघाला बघ. तर म्हणतो, "त्यांचं काय चुकलं? एकुलत्या एका पोरीसाठी माणूस उंचच मागणार." मग बराच वेळ पाइपाला पॉलिश पेपर घासत बसला. घासायची काही गरज नव्हती.

तुम्ही लिहिलंत, माणसानं सगळीकडं घट्ट राहावं. तुमची मर्जी. लोखंडाचं मात्र तसं नाही. सगळीकडं आवळलेलं कॅरिअर मी पंचवीस वर्षांत टिकलेलं बघितलं नाही. पहिल्या खड्ड्यात जातं.

तुम्ही सगळ्यांना विचारलंत. सोनबाला, साहेबांना, मला. ज्या पोरीचं लग्न आहे तिला विचारलंत का? ती तुमच्यासमोरच बसलीय. कस्तुरा, आता पत्र खाली ठेव. माठातलं पाणी पी. आणि तुला जे सांगायचंय ते आबांना सांग. मी इथं थांबतो.

तुमचा,
चांद

⁂

पिंपळे गुरव
१७ मार्च

चांदभाई रामराम

चष्मा नवा केला. ह्ये पत्र मी सोता लिहितोय. कस्तुराला ठावं न्हाई. लागंल तसं वाचून घ्या.

तुमचं पत्र वाचताना ती थांबली. पाणी प्याली. मंग समदं बोलली. ताडपत्रीचंबी बोलली. मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. चार दिवस तिच्याशी बोललो न्हाई. आमची मंडळी सुभद्राबाई म्हणाली, पोरीनं खोटं वाचलं म्हणून रुसलाय का तुमाला खरं समजलं न्हाई म्हणून. मी तिच्याशीबी बोललो न्हाई.

अकरा तारखेला तो पर्मनंट आला. कॅन्टीनमधी राईस प्लेट किती आन् उसळ कंच्या वारी त्ये समदं सांगितलं. ओव्हरटाइम किती लागतो त्ये सांगितलं. कस्तुराकडं बघितलंच न्हाई. ओट्यावर तिचं शिवायचं मशीन व्हतं त्याच्यावर त्यानं चपला ठिवल्या. कळवतो म्हणलो.

आता कालचं सांगतो. दुसऱ्या शिफ्टचं गेट. पोरं आत चाललेली. तेवढ्यात पिकअप आली. कॅन्टीनचं कांदं घेऊन. कांद्याचं काम ह्या म्हयन्यापासनं त्याला लागलंय ते मला म्हाईत न्हवतं. वर तुमचं कॅरिअर. बेताचं. चांगलं दिसतंय. मी नेमापरमाणं हात वर केला. गाडी थांबली. भाईरच्या गाडीवाल्यानं गाडीत बसूनच पास दाखवायचा असा नेम हाय. मला समद्यांचे हात म्हाईत हायती. तोंड कुनी भाईर काढत न्हाई.

ह्यो खाली उतरला. मला वाटलं भांडतो आता. कमानीवरनं मी त्याला लई वंगाळ बोललो व्हतो. तर त्यानं चपला काढल्या आन् वाकून माझ्या बुटावर डोकं ठिवलं. खाकीतल्या माणसाच्या. समदी शिफ्ट बघत उभी. चांदभाई सोळा वर्सांत त्या गेटवर माझ्या पाया कुनी पडलं न्हवतं. त्यो बांध माझ्या बापाचा. हातात पास तसाच.

मागं पर्सोनेलच्या साहेबाची गाडी येऊन थांबली. हॉर्नवर हॉर्न. साहेबानं काच खाली केली. म्हणाला यशवंत कोण आहे हा, वाट का अडवलीय.

मी म्हणलो माझा जावई हाय साहेब.

साहेब म्हणाला अरे पण ते तर मोडलं ना.

तोंडातनं निघून गेलं ते गेलं. आता मागं कसं घ्यायचं. कस्तुराला अजून सांगितलं न्हाई. सांगायला घरात शिरलो की चष्मा पुसत परत ओट्यावर येऊन बसतो. म्हणून तुमाला आधी लिहितोय. तुमी आन् वैनी या. तुमी असलात म्हंजे मला सांगाय जमंल.

साहेब परत हॉर्न वाजवाय लागला. पिकअपला कॅन्टीनकडं वळायला जागा पुरंना. मी साहेबाच्या काचेपाशी गेलो. म्हणलो साहेब तुमची गाडी जरा मागं घ्या. जावयाला वळायचंय.

घेतली त्यानं मागं.

यशवंत